मुंबईत नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताना

दादर, ठाणे, बोरिवली, डोंबिवली. कुठल्याही स्टेशनाजवळच्या जुन्या इमारतीच्या जिन्याखाली उभं राहून पाट्या वाचा. दातांचा दवाखाना, सीएचं ऑफिस, दहावीचे क्लासेस आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी 'समुपदेशन केंद्र', 'सायकॉलॉजिस्ट', 'मानसोपचारतज्ज्ञ', 'थेरपिस्ट', 'माइंड कोच'. घरात कुणाला तीन आठवडे धड झोप नसते, मुलगी कॉलेजला जायचं बंद करते, वडील निवृत्तीनंतर बोलेनासे होतात, तेव्हा या पाचही पाट्या एकाच कामाच्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्यामागचं शिक्षण, अधिकार आणि जबाबदारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चुकीच्या जिन्याने वर गेलं की पैसे जातात, त्याहून वाईट म्हणजे सहा-आठ महिने जातात, आणि 'आपल्याला काही लागू पडत नाही' अशी समजूत होऊन माणूस पुन्हा कुणाकडेच जात नाही.

आधी या पाट्यांचा अर्थ लावू.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्ट, हा एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. त्यावर मानसोपचारातली एमडी, डीएनबी किंवा डीपीएम ही पदवी किंवा पदविका असते आणि महाराष्ट्रात त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. औषध लिहिण्याचा अधिकार त्याला आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा वैद्यकीय डॉक्टर नसतो. मानसशास्त्रात एमए किंवा एमएससी केल्यावर तो दोन वर्षांची पूर्णवेळ एमफिल करतो, किंवा साय-डी नावाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम. या काळात तो रुग्णालयाच्या मनोविकार विभागात, वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासतो, चाचण्या घेतो, उपचार करतो. त्याचं काम निदानाला मदत, मानसशास्त्रीय चाचण्या आणि बोलण्यातून, सरावातून होणारे उपचार. एमफिल हा प्रकारच आता उच्च शिक्षणातून बाद होत असल्यामुळे पुढच्या काळात पदव्यांची नावं बदललेली दिसतील. म्हणून नुसत्या पदवीच्या आद्याक्षरांवर विसंबू नका. जुन्या पिढीतल्या काहींकडे 'मेडिकल अँड सोशल सायकॉलॉजी' या नावाची एमफिल असते. तीही कायद्याला मान्य आहे, नाव वेगळं दिसलं म्हणून दचकायचं कारण नाही.

समुपदेशक ही तिसरी तऱ्हा. यात टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी दोन वर्षं रीतसर शिकून, प्रत्यक्ष काम करून आलेले उत्तम लोक आहेत आणि पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून पाटी लावलेलेही आहेत. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने समुपदेशकांना आणि इतर मानसशास्त्रज्ञांना एका छत्राखाली घेतलं आहे, पण त्या कायद्याखालची नोंदणी अजून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या नोंदणीइतकी रुळलेली नाही. त्यामुळे समुपदेशकाच्या बाबतीत आज पदवी, विद्यापीठ, किती काळ कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे आपणच विचारून घ्यावं लागतं. 'माइंड कोच' आणि 'लाइफ कोच' यांना कसलीच अट नाही.

आणि 'डॉ.' या अक्षराने फसू नका. पीएचडी झालेला माणूस 'डॉ.' लावतोच, तो त्याचा हक्क आहे. पण औद्योगिक मानसशास्त्रात प्रबंध लिहिणं वेगळं आणि पॅनिक अटॅक येणाऱ्या माणसासमोर बसणं वेगळं.

नोंदणी बघायची कशी

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया ठेवते. सगळे तिला आरसीआयच म्हणतात. पुनर्वसनाच्या परिषदेत मानसशास्त्रज्ञ कसे, असा प्रश्न पडतो. १९९२ चा आरसीआय कायदा अपंगत्वाच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी झाला. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची बुद्धिमापन चाचणी, प्रमाणपत्र, पुनर्वसन हे काम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करत होते, म्हणून ते त्या यादीत आले आणि तिथेच राहिले. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या केली तीही आरसीआयच्या मान्यतेला बांधूनच. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे.

या इतिहासातूनच सगळ्यात मोठी गफलत होते. आरसीआयच्या केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत सोळा प्रकारचे व्यावसायिक आहेत. त्यात विशेष शिक्षक आहेत, वाचा-उपचार करणारे आहेत, कृत्रिम हातपाय बसवणारे आहेत, व्यवसाय समुपदेशक आहेत. या सगळ्यांना सीआरआर नंबर, म्हणजे या नोंदवहीतला क्रमांक, मिळतो. त्यामुळे 'आरसीआय रजिस्टर्ड' एवढं व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं असेल तर ते खरं असूनही अपुरं असतं. विशेष मुलांच्या शाळेतल्या शिक्षिकेचा नंबर खराच आहे आणि त्या आपल्या कामात तरबेजही असतील, पण तो नंबर नैराश्यावर उपचार करण्याचा परवाना नव्हे.

म्हणून तीन गोष्टी जुळवा: नाव, प्रवर्ग आणि मुदत. आरसीआयच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत व्यावसायिक शोधण्याची सोय आहे. तिथे सीआरआर नंबर टाकला की नोंद समोर येते. प्रवर्गाच्या जागी 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' असंच हवं. 'रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट' हा वेगळा प्रवर्ग आहे. 'असोसिएट' असं पुढे लिहिलेलं असेल तर त्या व्यक्तीने एक वर्षाची व्यावसायिक पदविका केलेली असते आणि तिने वरिष्ठ क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली काम करणं अपेक्षित असतं. अशी व्यक्ती स्वतंत्र क्लिनिक चालवत असेल तर देखरेख कोण करतं, हे विचारा. नोंदणी कायमची नसते, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून मुदतही बघा.

नाव सापडलं नाही तर लगेच खोटं ठरवू नका. लग्नानंतर बदललेलं आडनाव हे आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. पाटीवर एक नाव, नोंदवहीत माहेरचं. इंग्रजी स्पेलिंगचाही घोळ होतो: कुलकर्णी, देशपांडे, म्हात्रे हे तिन्ही दोन-दोन तऱ्हांनी लिहिले जातात. कधी संकेतस्थळच तासन्तास चालत नाही. अशा वेळी सरळ प्रमाणपत्राचा फोटो मागा. रीतसर माणसाला हा प्रश्न रोजचा असतो, तो लगेच पाठवतो. 'एवढा अविश्वास असेल तर येऊ नका' असं उत्तर आलं, तर खरोखरच जाऊ नका.

नोंदणीशिवाय व्यवसाय करणाऱ्याला आरसीआय कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. एका सेशनच्या फीपेक्षाही कमी दंड! कायद्याचा धाक एवढा तोकडा असल्यामुळे पडताळणीचं काम आपल्याच अंगावर येतं.

कुणाकडे आधी जायचं

झोप, भूक, वजन सगळंच बिघडलंय, माणूस अंथरुणातून उठत नाही, कुणीतरी बोलल्याचे आवाज ऐकू येतात, विनाकारण संशय बळावलाय, दोन-तीन दिवस झोप नसूनही उत्साह उतू चाललाय: यांतलं काहीही असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. बोलण्याचे उपचार नंतर जोडता येतात. उलट भीती, पॅनिक, ओसीडी (नको ते विचार आणि त्यापायी तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणं), सौम्य किंवा मध्यम नैराश्य, शोक, नात्यातले पेच यांत थेट क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलं तरी चालतं. चांगला सायकॉलॉजिस्ट पहिल्याच भेटीत थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासलंय का, हे विचारतो, कारण या तिन्हींच्या कमी-जास्तीने येणारा थकवा आणि उदासी हुबेहूब नैराश्यासारखी दिसते. हा प्रश्न आला नाही तर आपण सांगावा.

औषध सायकॉलॉजिस्टने सुचवायचं नसतं. २०१७ च्या कायद्याच्या १०६ व्या कलमात आपल्या विद्याशाखेबाहेरचं औषध किंवा उपचार सुचवायला मनाई आहे. 'ही गोळी अर्धी करून घ्या' किंवा 'आता बंद केलीत तरी चालेल' हे वाक्य सायकॉलॉजिस्टच्या तोंडून आलं की सावध व्हा. मनोविकाराची काही औषधं एकदम थांबवली की चक्कर, अस्वस्थता सुरू होते, कधी मूळ आजार दुप्पट जोराने उसळतो. ती कमी कशी करायची ते लिहून देणाऱ्या डॉक्टरनेच ठरवायचं.

जीव नकोसा झाल्याची भाषा कुणी करत असेल, तर ही सगळी शोधाशोध त्या क्षणी बाजूला ठेवा. माणसाला एकटं सोडू नका. जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा, ती चोवीस तास उघडी असते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते आणि मराठीत बोलता येतं. पोलिसांचं लचांड मागे लागेल, या भीतीने लोक घरीच थांबतात. २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आहे. तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे.

सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं

मुंबईत केईएम, नायर, सायन, कूपर ही महापालिकेची आणि जे.जे. हे राज्य सरकारचं. या सगळ्यांत मनोविकार विभाग आहे. ठाण्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पुण्यात येरवडा आणि ससून, तर गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था. खर्च नाममात्र, पण वेळ द्यावा लागतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, मनोविकार ओपीडीत नंबर लावायचा. आधी निवासी डॉक्टर तपासतात, मग वरिष्ठ बघतात आणि गरज वाटली तर तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात. 'मला डॉक्टर नको, थेट सायकॉलॉजिस्टच हवा' असं खिडकीवर सांगून उपयोग नाही. पहिल्या दिवशी अर्धा दिवस मोडणार हे धरूनच चला. जुने कागद, सध्याच्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि रुग्णाबरोबर राहणारं एक माणूस सोबत हवं. नुसती गोळ्यांची नावं आठवून सांगू नका, मिलिग्रॅम चुकतात.

जिथे क्लिनिकल सायकॉलॉजीचे विद्यार्थी प्रशिक्षण घेतात, तिथे त्यांच्याकडून उपचार घेण्यात कमीपणा काही नाही. प्रत्येक केस वरिष्ठांपुढे मांडली जाते, म्हणजे कमी पैशांत दोन डोकी लागतात. अडचण एकच: विद्यार्थ्याची पाळी बदलते आणि दोन-तीन महिन्यांनी समोरचा माणूस बदलतो. पहिल्या भेटीतच 'तुम्ही इथे किती दिवस आहात?' हे विचारून घ्या.

याशिवाय संस्था आहेत. ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही आयपीएच या नावाने मराठी घरांत ओळखीची आहे, १९९० पासून काम करते आणि एका छपराखाली मानसोपचारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि समुपदेशक मिळतात. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही फोनवरची समुपदेशन सेवा आहे. शोधाला सुरुवात कुठून करावी हेच कळत नसेल, तर अशा ठिकाणचा पहिला फोन बऱ्याच गोष्टी मोकळ्या करतो.

खासगी क्लिनिकला फोन करताना

तीन-चार नावं निवडा. नावं मिळवायचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे फॅमिली डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ, कारण त्यांना त्यांच्या रुग्णांचं पुढे काय झालं ते दिसतं. गुगलवरचे तारे या क्षेत्रात फारसे कामाचे नाहीत. ज्याला खरंच बरं वाटलं तो माणूस स्वतःच्या नावाने 'माझा ओसीडी गेला' असं सहसा लिहीत नाही. आणि क्लिनिकनेच रुग्णांचे व्हिडिओ, चॅटचे स्क्रीनशॉट टाकले असतील तर उद्या तुमचीही गोष्ट तिथे जाईल, एवढं ओळखा.

फोनवर लांबलचक कहाणी सांगू नका. बहुतेक वेळा रिसेप्शनिस्ट उचलते, तिला ती सांगायचीही नसते. एवढं पुरेसं आहे: 'मॅडमचा सीआरआर नंबर आणि प्रवर्ग कळेल का? मोठ्या माणसांच्या ओसीडीवर त्या काम करतात का? सेशन मराठीत होईल ना? फी किती, किती मिनिटं? संध्याकाळी सातनंतर किंवा शनिवारी वेळ मिळेल का?' यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. लहान मुलांच्या चाचण्यांत मुरलेली व्यक्ती दारू सोडवण्याच्या कामात मुरलेली असेलच असं नाही. 'सगळ्यावरच करतो' हे उत्तर मला कधीच पटत नाही.

मराठीचा प्रश्न लोक संकोचाने विचारत नाहीत, आणि तिथे नुकसान होतं. ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणारा माणूससुद्धा 'जिवाची घालमेल होते', 'पोटात खड्डा पडतो', 'मन खातं' हे दुसऱ्या भाषेत सांगताना अर्धं गाळतो. मालवणीत, अहिराणीत किंवा वऱ्हाडीत बोलणाऱ्या आईला तर प्रमाण मराठीही परकी वाटते. तिथे समोरच्याला समजलं नाही तर तो परत विचारतो की मान डोलावून पुढे जातो, हे पहिल्या भेटीत बघा.

फीचं म्हणाल तर मुंबईत खासगी सेशन साधारण दीड ते तीन हजारांच्या आसपास असतं, नामांकित ठिकाणी त्याहून वर, आणि वेळ पाऊण ते एक तास. आठवड्याला एक याप्रमाणे बारा सेशन्स धरली आणि फी दोन हजार असली तर चोवीस हजार. हा हिशेब पहिल्या दिवशीच मांडा, कारण पाचव्या सेशनला पैसे संपून उपचार अर्धवट सुटणं हे या शहरातलं नेहमीचं दृश्य आहे. सरळ विचारा: 'कमी फीच्या काही जागा ठेवता का? पंधरा दिवसांतून एकदा आलं तर चालेल का?' अनेकजण अशा जागा ठेवतात, पण कुणी विचारल्याशिवाय सांगत नाहीत. वीस सेशनचं पॅकेज आगाऊ भरायला सांगणाऱ्यापासून दूर राहा. वेळ रद्द करायची झाली तर किती तास आधी कळवायचं तेही विचारा; बहुतेक ठिकाणी चोवीस तासांचा नियम असतो आणि न कळवता चुकवलं तर पूर्ण फी लागते. पावती नोंदणी क्रमांकासह घ्या.

विम्यावर फार भिस्त ठेवू नका. २०१७ च्या कायद्याच्या २१ व्या कलमाने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायला सांगितलं आणि विमा नियामकानेही २०१८ मध्ये कंपन्यांना तसं बजावलं. पण बहुतेक पॉलिसी मुळात रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात. दर आठवड्याचं सेशन ओपीडीत मोडतं आणि तुमच्या पॉलिसीत ओपीडीचं कलम नसेल तर दावा बसत नाही. नोकरीच्या ठिकाणी कर्मचारी सहाय्य योजना असेल तर त्यात काही सेशन्स फुकट असतात. तिथे दोन गोष्टी विचारा: सेशन घेणारी व्यक्ती नोंदणीकृत आहे का, आणि एचआरकडे नेमकी कुठली माहिती जाते.

जागा निवडताना नकाशावरचं अंतर बघू नका, लोकलची दिशा बघा. विरारच्या माणसाने संध्याकाळी सहाची वेळ चर्चगेटला घेतली तर तो सेशन संपवून गर्दीत लटकत घरी जाणार आणि चौथ्या आठवड्याला कंटाळणार. ऑफिस आणि घर यांच्या मधल्या स्टेशनवर, किंवा शनिवारी सकाळी घराजवळ, हे टिकतं. ऑनलाइन सेशन हा चांगला पर्याय आहे, पण वन रूम किचनमध्ये पडद्यापलीकडे सासूबाई मालिका बघत असताना कुणी मोकळेपणी बोलू शकत नाही. इमारतीची गच्ची, पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी, मैत्रिणीचं घर, काहीतरी ठरवून ठेवा. हेडफोन लावा. ऑनलाइन घेताना तुमचा राहता पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर सायकॉलॉजिस्टने मागायला हवा. आणीबाणीत मदत कुठे पाठवायची हे त्याशिवाय त्याला कळणार नाही.

पहिल्या तीन-चार भेटी

पहिली भेट बहुतांशी माहिती घेण्यात जाते. त्रास कधीपासून, आधी काय उपचार झाले, घरात कुणाला असं होतं का, झोप, दारू-तंबाखू, नोकरी. आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारलं जातं. तो प्रश्न ऐकून घाबरू नका, तो विचारणं हे चांगल्या प्रशिक्षणाचं लक्षण आहे. सुरुवातीलाच गोपनीयतेच्या मर्यादाही सांगायला हव्यात: तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागतं, न्यायालयाने मागितलं तर द्यावं लागतं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. एरवी बायकोने नवऱ्याबद्दल किंवा विशीतल्या मुलाने आईबद्दल काय सांगितलं, ते बाहेर जाता कामा नये. 'आई, तुमच्या मुलाने मला सांगितलं की...' असं सुरू करणारी व्यक्ती नोंदणीकृत असली तरी बदलावी.

तिसऱ्या-चौथ्या भेटीपर्यंत तुम्हाला तीन गोष्टी कळलेल्या असाव्यात: नेमकं काय झालंय असं त्यांना वाटतं, कुठल्या पद्धतीने उपचार करणार, आणि फरक पडतोय हे कशावरून ओळखायचं. ओसीडीचं उदाहरण घेऊ, कारण तिथे पद्धतीचा फरक लख्ख दिसतो. ज्याला वारंवार हात धुवावेसे वाटतात, त्याच्यावरचा सर्वांत आधार असलेला मानसशास्त्रीय उपचार म्हणजे ईआरपी. भीती वाटणाऱ्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि हात धुण्याची ओढ आली तरी धुवायचं टाळायचं. सोप्या पायरीपासून सुरुवात, घरी रोजचा सराव, वहीत नोंद. दोन महिने झाले आणि समोरची व्यक्ती फक्त 'घाण नाही लागली हो, काळजी करू नका' अशी समजूत काढत असेल, तर ती नकळत आजाराला खतपाणी घालते आहे, कारण खात्री करून घेणं हाच त्या आजाराचा भाग असतो. पॅनिकमध्येही तसंच. छातीत धडधडलं की जिथून माणूस पळतो, तिथे त्याला हळूहळू थांबायला शिकवावं लागतं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी पद्धत, आणि आपल्याकडे चांगली रुजलेली आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, यांत घरचा अभ्यास असतो. वही कोरी ठेवून दर आठवड्याला गेलं तर पैसे वाया जातात, आणि यात दोष सायकॉलॉजिस्टचा नसतो. धक्कादायक प्रसंगातून गेलेल्या माणसाकडून मात्र पहिल्याच दिवशी सगळा प्रसंग वदवून घेण्याची घाई कुणी करू नये. आधी झोप, सुरक्षितता, स्वतःला सावरण्याची तंत्रं, मग तो प्रसंग.

खात्रीने बरं करण्याची हमी, तीन सेशनमध्ये नैराश्य गायब, पूर्वजन्मात नेणं, बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता सांगणं: यांतलं काहीही दिसलं की उठावं. ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, तरी पालक त्यावर हजारो रुपये घालवतात.

मुलांच्या चाचण्या

शाळेने 'आयक्यू करून आणा' म्हटलं की पालक धावत सुटतात. जरा थांबा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसणारं मूल अभ्यासात मागे पडतंच. वर्षभरात हीच चाचणी झाली असेल तर तसं सांगा, कारण सरावाने गुण फुगतात आणि अहवाल बिनकामाचा होतो. चाचणी मुलाच्या भाषेत व्हायला हवी. बिने-कामत चाचणी तर १९३०च्या दशकात कन्नड आणि मराठी मुलांवरच प्रमाणित झाली होती, तरी आजच्या मुलासाठी कुठली चाचणी वापरणार आणि तिची प्रमाणकं, म्हणजे गुण ज्यांच्याशी ताडून बघतात ते आकडे, किती जुनी, हे विचारायला काहीच हरकत नाही. ताप, जागरण, परीक्षेचा आदला दिवस टाळा. चाचणीला दोन-तीन तास लागतात, मध्ये खाऊ आणि विश्रांती हवी. अर्ध्या तासात छापील आकडा हातात ठेवणाऱ्याचा कागद घेऊ नका. अहवालात चाचणीचं नाव, तारीख, मुलाचं वागणं, उपचाचण्यांचे गुण, त्यांचा अर्थ, सही आणि सीआरआर नंबर हवा.

अध्ययन अक्षमतेच्या (वाचन, लेखन, गणित यांतल्या विशिष्ट अडचणीच्या) प्रमाणपत्राचं वेगळं आहे. दहावी-बारावीला बोर्डाच्या सवलती हव्या असतील तर खासगी सायकॉलॉजिस्टचा अहवाल पुरत नाही, अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन, नायर यांसारख्या रुग्णालयांत त्यासाठी केंद्रं आहेत आणि तिथे तारीख मिळायला वेळ लागतो. दहावीच्या डिसेंबरात जाग आलेल्या पालकांची तारांबळ बघवत नाही. शंका आठवीत आली तर आठवीतच नाव नोंदवा. शाळेचं पत्र, प्रगतिपुस्तकं आणि मुलाच्या हस्ताक्षरातल्या वह्या सोबत न्या, तिथे त्या बघतात.

बदलायचं झालं तर

सहा-आठ भेटींनंतर काहीच हललं नाही, तर आधी समोरासमोर बोला. 'मला फरक जाणवत नाही, आपण काय बदलू शकतो?' चांगली व्यक्ती यावर पद्धत बदलते, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते किंवा स्वतःहून दुसरं नाव देते. फोन उचलणं बंद करून गायब होण्यापेक्षा एक शेवटची भेट घ्यावी, कारण तुमची माहिती तिथे आहे. २०१७ च्या कायद्याच्या २५ व्या कलमाने उपचाराच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे. निदान, वापरलेली पद्धत, झालेल्या सेशन्सची संख्या, चाचण्यांचे निकाल एवढं एका पानावर लिहून मागा. नव्या ठिकाणी पहिले दोन तास आणि त्यांची फी वाचते.

गैरवर्तन झालं असेल, म्हणजे स्पर्श, पैशांची मागणी, खासगी गोष्टी फोडणं, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची लेखी तक्रार आरसीआयकडे आणि मानसोपचारतज्ज्ञाची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. तारखा, पावत्या आणि मेसेज जपून ठेवा, तक्रार त्यांच्यावरच उभी राहते. नव्या ठिकाणी कागद देताना मूळ प्रती हातातून सोडू नका, झेरॉक्स द्या.